ॲलर्जीच्या सर्दीवरची तीन वर्षं: चाचण्या, इंजेक्शनं आणि नाकातल्या पेशी

डिसेंबर २०२५ मध्ये माझा ॲलर्जीच्या इंजेक्शनांचा कोर्स संपला. सुरू झाला होता नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्या वेळी कोल्हापुरात हा उपचार पूर्ण केलेलं कुणी भेटतंय का, म्हणून मी बरीच विचारपूस केली होती. डॉक्टर औषध सांगतात, पण वाट किती बघावी लागते, कागद कुठले लागतात, मध्येच धीर सुटायला लागला तर काय करायचं, हे त्यातून गेलेलं माणूसच सांगू शकतं. तसं कुणी भेटलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्स बघते. पण या उपचारात टिकून राहता आलं त्याचं मोठं कारण हे, की कुठलं औषध कुठल्या पेशीवर काम करतंय ते मला वेळोवेळी समजत गेलं. त्यामुळे खर्च आणि तारखांबरोबर त्या पेशींबद्दलही लिहिणार आहे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आला तेव्हा आम्ही शाहूपुरीत तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. पाणी ओसरलं, पण भिंतींची ओल पुढं कित्येक महिने हटली नाही. त्याच हिवाळ्यात माझ्या शिंका सुरू झाल्या. पुरामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. माझ्या वडिलांना दमा होता, म्हणजे ॲलर्जीचा वारसा घरातच होता. अंथरुणातून उठलं की नाकात हुळहुळायचं, मग लागोपाठ शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. तासाभरात ते थांबायचं. दुपारनंतर नाक चोंदायला लागायचं, ते रात्री झोपेपर्यंत. तोंडानं श्वास घेत झोपायचं आणि सकाळी कोरड्या घशानं उठायचं. वास तर जवळजवळ गेलाच होता. उन्हाळ्यात वर्षाची चटणी डंकावर कुटून आणली, अख्ख्या गल्लीला ठसका लागला, तरी मला त्याचा वास येईना. त्या दिवशी मला रडू आलं होतं.

पुढच्या दोन वर्षांत कोरोनामुळे आणखी एक गोष्ट वाढली. केएमटीच्या बसमध्ये शिंक आली की शेजारची माणसं उठून जायची. मेडिकलमधून सेट्रिझिन आणून घ्यायचे. शिंका थांबायच्या, नाक मात्र बंदच राहायचं. सासूबाई वेखंड उगाळून लावायच्या, वाफ द्यायच्या आणि विचारायच्या, "अगं, सकाळधरनं किती शिंकतीस? सर्दी हाय का काय हाय ही?"

जुलै २०२२ मध्ये शाहूपुरीतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. तोवर आम्ही मंगळवार पेठेतल्या घरी राहायला आलो होतो. तपासणी फी ५०० रुपये. नंबर आदल्या दिवशी संध्याकाळी फोनवर लावावा लागायचा, तरी दोन-अडीच तास बसणं आलंच. त्यांनी दुर्बिणीतून नाक पाहिलं. आतलं अस्तर फिकट, थोडं निळसर आणि सुजलेलं होतं. संसर्गाच्या सर्दीत ते लाल दिसतं, असं म्हणाले. मग विचारलं, "आठवड्यातले किती दिवस? सलग किती आठवडे? झोप मोडते का? कामावर परिणाम होतो का?" हे प्रश्न नेमके असतात. आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग चार आठवड्यांहून जास्त काळ त्रास असेल, तर तो चिवट प्रकार मानतात. झोप आणि काम बिघडत असेल तर मध्यम ते तीव्र. मी दोन्हीत बसत होते. तुम्ही जाणार असाल तर आधी महिनाभर वहीत रोजची एक ओळ लिहा: शिंका कधी, नाक कधी बंद, कुठली गोळी घेतली. डॉक्टरांच्या पुढ्यात बसल्यावर हे आठवत नाही.

त्यांनी तीन तपासण्या लिहिल्या. रक्तातल्या पेशींची मोजणी, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींच्या एकूण संख्येसह, ३०० रुपये. एकूण आयजीई, म्हणजे ॲलर्जीत बनणारं प्रतिपिंड, ८०० रुपये. आणि नाकातल्या स्रावाची स्लाइड, २५० रुपये. स्लाइडसाठी नाकाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, किंचित झोंबतं, एवढंच. रक्तातले इओसिनोफिल ७२० आले, साधारण ५०० पर्यंत चालतात. आयजीई ६४० आलं. स्लाइडवरही इओसिनोफिल भरपूर होते. पोटातल्या जंतांमुळेही हे आकडे वाढतात, म्हणून आधी त्यांनी शौच तपासायला लावलं. तो रिपोर्ट स्वच्छ होता. आणखी एक त्यांनी बजावलं: आयजीई नॉर्मल आलं म्हणजे ॲलर्जी नाही असं होत नाही, आणि वाढलं म्हणजे ती कशाची हे त्यावरून कळत नाही.

मग मी मनात कधीपासून असलेला प्रश्न विचारला. गोळीनं शिंका थांबतात, नाक का उघडत नाही? बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढून दाखवली. तो कागद माझ्या फाइलीत अजून आहे. त्यावरून आणि नंतर वाचून मला जे समजलं ते असं.

आजार पहिल्या शिंकेच्या बराच आधी सुरू होतो. नाकाच्या अस्तरात डेंड्रायटिक पेशी असतात. आत आलेल्या कणाचा तुकडा त्या उचलतात, जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि तिथल्या टी पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. ज्यांचा कल ॲलर्जीकडे असतो, त्यांच्यात या टी पेशी 'टीएच-२' नावाच्या प्रकारात बदलतात. त्या आयएल-४ आणि आयएल-१३ ही रसायनं सोडतात, आणि त्यांच्या सांगण्यावरून बी पेशी आयजीई हे प्रतिपिंड बनवायला लागतात. आयजीई रक्तात दोन-तीन दिवसच टिकतं, पण नाकातल्या मास्ट पेशींना जाऊन चिकटलं की आठवडेच्या आठवडे तिथं राहतं. या सगळ्या काळात माणसाला काहीही जाणवत नाही.

पुढं तोच कण पुन्हा आला आणि मास्ट पेशीवरच्या शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम जोडला गेला, की पेशीतले दाणे काही मिनिटांत बाहेर फुटतात. त्यात हिस्टामीन असतं. ते मज्जातंतूंच्या टोकांना चेतवतं, म्हणून खाज, शिंका, पाणी. ही माझी सकाळ. त्याच पेशी ल्युकोट्राईन आणि प्रोस्टाग्लँडिन ही रसायनंही सोडतात आणि बाकीच्या पेशींना बोलावून घेतात. चार ते बारा तासांनी रक्तातून इओसिनोफिल, बेसोफिल आणि आणखी टीएच-२ पेशी नाकाच्या अस्तरात येऊन जमतात. इओसिनोफिलमधली प्रथिनं अस्तराला इजा करतात, सूज धरून ठेवतात. ही माझी संध्याकाळ. सेट्रिझिन फक्त हिस्टामीनची जागा अडवतं; इओसिनोफिलना ते फारसं आवरू शकत नाही. तीन वर्षं छळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत मिळालं, आणि डॉक्टरांबद्दल मनात विश्वास बसला तो तिथं.

उपचार दिला तो स्टिरॉइडचा नाकात मारायचा स्प्रे. महिन्याला ३५० रुपयांच्या आसपास. 'स्टिरॉइड' म्हटल्यावर मी दचकले. सासूबाईही म्हणाल्या, "रोज नाकात औषध मारायचं म्हंजे सवय लागंल की गं." डॉक्टरांचं म्हणणं असं की या स्प्रेचा डोस अगदी सूक्ष्म असतो, तो मुख्यतः नाकाच्या अस्तरातच काम करतो आणि त्याची सवय लागत नाही. सवय लागते ती नाक झटक्यात मोकळं करणाऱ्या थेंबांची. ते चार-पाच दिवसांच्या पुढं वापरू नका, नाहीतर त्यांच्यामुळेच नाक बंद व्हायला लागतं. स्प्रे थेट पेशींवर काम करतो. टीएच-२ पेशींची रसायनं कमी होतात, इओसिनोफिल जमायचे थांबतात. म्हणून त्याला वेळ लागतो, पूर्ण गुण यायला दोनेक आठवडे. दोन दिवसांत फरक नाही म्हणून बाटली कपाटात टाकू नका.

स्प्रे मारायची पद्धत त्यांनी माझ्याकडून करवून घेतली. मान किंचित खाली, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या. नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या रोखानं. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, ओढलं की औषध घशात जातं. त्याआधी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं पाणी तसंच नाकात घालायचं नाही.

ल्युकोट्राईन अडवणारी मॉन्टेल्युकास्टची गोळी अनेकांना देतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०२० मध्ये तिच्यावर मनःस्थिती बिघडण्याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. माझी झोप आणि मन आधीच थकलेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी मला ती दिली नाही. तुम्हाला दिली असेल तर घाबरून आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

सप्टेंबरमध्ये पुन्हा दाखवलं. संध्याकाळचं चोंदणं बरंच कमी झालं होतं, वास थोडा परतला होता. पण एक दिवस स्प्रे चुकला की सगळं पुन्हा. तेव्हा त्यांनी ॲलर्जी नेमकी कशाची ते शोधून इम्युनोथेरपीचा, म्हणजे तीच गोष्ट थोडी थोडी देऊन शरीराला सवय लावण्याच्या उपचाराचा, विचार करा असं सुचवलं आणि राजारामपुरीतल्या ॲलर्जी तज्ज्ञ मॅडमसाठी चिठ्ठी दिली.

त्वचेची चाचणी ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी, दिवाळीनंतर ठरली. आधी सात दिवस सेट्रिझिनसारख्या गोळ्या पूर्ण बंद. सर्दी-खोकल्याच्या तयार औषधांतही असे घटक असतात, तीही नाहीत. नाकातला स्प्रे आणि मिठाचं पाणी चालतं. दिवाळीची साफसफाई, फराळ, पाहुणे, त्यात गोळी बंद. तो आठवडा अवघड गेला. जाळी झाडणं, माळे काढणं मी त्या वर्षी केलंच नाही, नवऱ्यानं मास्क लावून सगळं केलं. शक्य असेल तर सणाच्या तोंडावरची तारीख घेऊ नका.

त्या दिवशी न्यायचे कागद: आधीचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी, आधार कार्ड, आणि सोबत कुणीतरी. रक्तदाबाच्या गोळ्यांत बीटा ब्लॉकर असेल तर ते आधीच सांगा. काही उलटसुलट झालं तर जे ॲड्रेनलीन द्यायचं असतं, त्याचं काम हे औषध अडवतं. संमतीपत्र चार पानी होतं आणि इंग्रजीत. मी वाचायला वेळ मागितला, त्यांनी दिला. दमा नाही ना हे बघायला आधी फुंकायची चाचणी केली, ८०० रुपये. त्वचेच्या चाचणीचे ३,५००.

दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला पेनानं आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याजवळ एक थेंब आणि थेंबातून अगदी वरवर टोच. रक्त येत नाही. एका जागी नुसतं मिठाचं पाणी आणि एका जागी हिस्टामीन असतं, म्हणजे तुमची त्वचा उत्तर देतेय की नाही ते कळतं. मग पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. ते सगळ्यांत कठीण. पाच-सहा मिनिटांतच धुळीतल्या किड्यांच्या आकड्याजवळ गांधी उठायला लागल्या. नाकात जे होत होतं तेच मास्ट पेशींचं काम आता डोळ्यांदेखत हातावर चाललं होतं, कारण तेच आयजीई त्वचेतल्या मास्ट पेशींवरही चिकटलेलं असतं. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटला तो आधार. इतकी वर्षं जे कुणाला दाखवता येत नव्हतं, ते आता पट्टीनं मोजता येत होतं.

थांबलेली असताना मॅडमनी एक गोष्ट सांगितली, ती मी नंतर वाचून पडताळली. ॲलर्जीला कारण होणारं काहीतरी रक्तात असतं हे १९२१ मध्ये कळलं. प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर हे दोन जर्मन डॉक्टर. क्युस्टनरना माशांची ॲलर्जी होती. त्यांचं रक्तद्रव प्राउस्निट्झनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतलं, त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथं गांध उठली. ते 'काहीतरी' म्हणजे आयजीई हे समजायला पुढं १९६६-६७ उजाडलं. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी ते वेगवेगळं शोधलं.

निकाल असा: घरच्या धुळीतल्या दोन जातींच्या किड्यांना ८ आणि ६ मिलिमीटर. काँग्रेस गवताच्या परागांना ४. झुरळ, मांजर, बुरशी काही नाही. मिठाच्या पाण्यापेक्षा निदान ३ मिलिमीटर मोठी गांध असेल तर ती धरतात. मला वाटत होतं की फौंड्रीची धूळ निघेल. मॅडम म्हणाल्या की तिथली वाळू-धूळ नाकाला झोंबते, त्रास वाढवते, पण त्यात आयजीई येत नाही, म्हणून तिच्यावर इंजेक्शन नसतं, तिथं मास्कच. काँग्रेस गवताचं म्हणाल तर, चाचणी पॉझिटिव्ह येणं आणि त्रास त्यामुळेच होणं या वेगळ्या गोष्टी. माझ्या वहीत सकाळच्या नोंदी बारमाही होत्या आणि पावसाळ्यात वाढत होत्या, म्हणजे मुख्य कारण गादीत होतं. त्या वहीचा उपयोग असा झाला.

हे किडे मिलिमीटरच्या एक-तृतीयांश आकाराचे, डोळ्यांना न दिसणारे. घरातल्या धुळीची ॲलर्जी बरीचशी यांच्यामुळे असते हे १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवलं. ते आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात, दमट हवेत वाढतात, आणि त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. त्यातलं एक प्रथिन नाकाच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे तोडतं आणि आतल्या डेंड्रायटिक पेशींपर्यंत स्वतःच वाट करतं. हे वाचलं त्या रविवारी आम्ही घरातली जुनी कापसाची गादी काढली. नवीन गादी-उशांना घट्ट विणीच्या चेनच्या खोळी शिवून घेतल्या, शिंप्यानं सगळ्यांचे मिळून २,२०० घेतले. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवायला लागलो. नुसतं उन्हात टाकल्यानं किडे कमी होतात, पण त्यांची विष्ठा कापडातच राहते, ती धुऊनच जाते. कोरडा झाडू मी हातात घेत नाही, ओल्या फडक्यानं पुसते. पावसाळ्यात भिंतीला लागून असलेला पलंग एक हात पुढं ओढला.

एक सूचना इथं कळकळीनं. शंभर-दोनशे पदार्थांची यादी असलेली रक्ताची महागडी पॅनेल्स कुणी सुचवली, तर आधी तज्ज्ञांना विचारा. विशेषतः खाण्याच्या पदार्थांवरच्या, आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या चाचण्या. आयजीजी असणं म्हणजे तो पदार्थ खाल्लेला असणं. त्यावरून ॲलर्जी ठरत नाही. माझ्या ऑफिसमधल्या एकीनं अशा रिपोर्टवरून गहू, दूध, शेंगदाणे सगळं सोडलं होतं आणि अशक्तपणा ओढवून घेतला.

इम्युनोथेरपीची कल्पना जुनी आहे. १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क थोडा थोडा वाढवत टोचून पाहिला होता. ज्याचा त्रास होतो तेच अगदी थोडं, मग वाढवत द्यायचं. जिभेखाली घ्यायचे थेंबही असतात. ते घरी घेता येतात, धोका कमी, पण रोज न चुकता घ्यावे लागतात. मी इंजेक्शन निवडलं, कारण महिन्यातून एकदा जाणं मला रोजच्या नेमापेक्षा जमणारं होतं. दोन्हींचा कोर्स तीन ते पाच वर्षांचा. हा आकडा ऐकून घरी दोन दिवस चर्चा झाली. नवरा म्हणाला, "आताच तीन वर्षं गेलीत की त्रासात. अजून तीन उपचारात घालवू." त्यावर निर्णय झाला.

औषध पेशंटच्या नावानं तयार होऊन येतं. पैसे आगाऊ, पहिल्या संचाचे ६,०००. यायला तीन-साडेतीन आठवडे लागले. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. आमच्याकडे लाइट जाते म्हणून मी बाटल्या क्लिनिकच्या फ्रिजमध्येच ठेवल्या. पावतीवर बाटलीचा नंबर आणि मुदतीची तारीख लिहून घ्या.

नोव्हेंबरच्या शेवटी पहिलं इंजेक्शन. दंडाच्या मागच्या बाजूला, चामडीखाली, बारीक सुई. प्रत्येक वेळी १५० रुपये. त्यानंतर अर्धा तास तिथंच बसायचं, कारण गंभीर प्रतिक्रिया आली तर बहुतेक त्याच अर्ध्या तासात येते. सिस्टर फार कडक होत्या. "ताई, अर्धा तास म्हंजे अर्धा तास. खाली चहाला जाऊन येतो म्हणायचं न्हाई." मी पुस्तक घेऊन जायचे. ताप असेल, छाती भरली असेल तर त्या दिवशी इंजेक्शन नाही. आधी आणि नंतर दोन तास व्यायाम नाही, म्हणून त्या दिवशी रंकाळ्याचा फेरा बंद. जिथं घ्याल तिथं ॲड्रेनलीन तयार आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आणि ही इंजेक्शनं घरी टोचून घेऊ नका.

पहिले काही महिने दर आठवड्याला, डोस वाढवत. जानेवारी २०२३ मध्ये एका डोसनंतर रात्री दंड कोपरापर्यंत सुजला. खाज, गरम. खूप घाबरले. मॅडमना फोन केला. त्यांनी श्वास, घसा, अंगावर पुरळ असं सगळं विचारलं, तसं काही नव्हतं. बर्फ आणि एक गोळी. पुढच्या वेळी डोस एक पायरी खाली आणला. त्याच सुमारास ऊसतोडीचा हंगाम, गावाबाहेर पाचट पेटवलेलं, हवेत धूर, आणि नाक पुन्हा बंद. इतकं करून हे असं, म्हणून मन खचलं. सोडून द्यावं असं खरंच वाटत होतं. आयजीई पुन्हा तपासू या का असं विचारलं, तर मॅडम नको म्हणाल्या. पहिल्या काही महिन्यांत ते उलट वाढतं आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू उतरतं. तो आकडा बघून माणूस निराश होतो.

मग ते गुण देतं कसं? हे त्यांनी आपल्या कोल्हापूरच्या भाषेत सांगितलं. तालमीत दोन पोरं चिडून एकमेकांच्या अंगावर जातात, तेव्हा वस्ताद मध्ये पडतो आणि हात न उगारता दोघांना बाजूला करतो. आपल्या शरीरात हे काम करणाऱ्या टी पेशी असतात, नियामक टी पेशी. थोडं थोडं आणि नियमित मिळणाऱ्या डोसमुळे त्या किड्यांच्या प्रथिनासाठी अशा पेशी तयार होतात. त्या आयएल-१० हे रसायन सोडतात, टीएच-२ पेशींना शांत करतात. बी पेशीही मग आयजीईऐवजी आयजीजी-४ हे वेगळं प्रतिपिंड बनवायला लागतात, ते किड्याचं प्रथिन मास्ट पेशीपर्यंत पोचण्याआधीच धरून ठेवतं. मास्ट पेशी लवकर चेतत नाहीत आणि इओसिनोफिलना बोलावणं जात नाही. हे सगळं टिकाऊ व्हायला वर्षं लागतात, म्हणून तीन वर्षं. हे कळल्यावर वाट बघणं सोपं झालं असं नाही, पण वाट कशाची बघतेय ते कळलं.

आता विम्याचं. आमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चासाठी वर्षाला ५,००० रुपयांची सोय आहे. साध्या मेडिक्लेममध्ये ती बहुधा नसते, आधी बघून घ्या. पहिला दावा परत आला: प्रिस्क्रिप्शनवर निदान नाही. निदान, त्याचा आंतरराष्ट्रीय कोड जे-३०, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का असं सगळं घेऊन पुन्हा पाठवला. दुसऱ्यांदा उत्तर आलं की प्रतिबंधक लसीकरण पॉलिसीत बसत नाही, कारण बिलावर 'ॲलर्जी व्हॅक्सिन' लिहिलं होतं. मग मॅडमनी लेटरहेडवर लिहून दिलं की हा झालेल्या आजारावरचा उपचार आहे, आणि सोबत त्वचेच्या चाचणीचा रिपोर्ट जोडायला सांगितला. ते पत्र लावल्यावर दीडेक महिन्यानं पैसे जमा झाले. तुम्ही ते पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि प्रत्येक दाव्याला त्याची प्रत जोडा. ज्यांना खासगीत जाणं परवडत नाही, त्यांनी सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढून सुरुवात करावी. निदान आणि स्प्रेपर्यंतचा टप्पा तिथून करता येतो.

मे २०२३ पासून महिन्यातून एक इंजेक्शन. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा जाणवलं की सकाळी उठून चहा ठेवला, पोरीचा डबा भरला, आणि शिंक आलेली नाही. २०२४ च्या जुलैअखेर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, घरातली सगळी नातेवाइकांना आणण्यात गुंतली, आणि माझी तारीख लांबली. खंड मोठा झाला तर डोस कमी करून पुन्हा चढवावा लागतो. माझा थोडक्यात बसला, एकच पायरी खाली आली. तारीख चुकणार असं दिसलं की त्याच दिवशी क्लिनिकला फोन करून ठेवा.

६ ऑक्टोबर २०२५ ला मी ऑफिसात असताना बातमी आली. वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रुंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना, नियामक टी पेशींच्या शोधाबद्दल. साकागुचींनी १९९५ मध्ये या पेशी दाखवल्या होत्या, ब्रुंको आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यामागचा जनुक शोधला. मी ती बातमी मॅडमना पाठवली. त्यांनी पुढच्या भेटीत क्लिनिकच्या फळ्यावर तिचं कात्रण लावलेलं दाखवलं.

तीन वर्षांचा एकूण खर्च, तपासण्या आणि गादीच्या खोळी धरून, ४०,००० च्या आसपास. विम्यातून १४,००० च्या आसपास परत मिळाले. आज माझी स्थिती अशी: सकाळच्या शिंका क्वचित, रोजचा स्प्रे बंद, पावसाळ्यात आणि पाचट पेटतं त्या दिवसांत तेवढा लागतो. वास पूर्ण आला आहे. काँग्रेस गवताच्या पडक्या जागेवरून गेलं तर नाक अजून हुळहुळतं, मास्क लावते. प्रत्येकाला इतका गुण येतोच असं नाही, आणि कोर्स संपल्यावर काहींना काही वर्षांनी त्रास परत येतो, हे मॅडमनी शेवटच्या भेटीतही सांगितलं.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. या हिवाळ्यात तीही सकाळी नाक चोळायला लागली आहे. तिची वही सुरू केली आहे आणि फेब्रुवारीतली तारीख घेतली आहे. माझी पुढची तपासणी जूनमध्ये, पाऊस लागल्यावर.